सातसारखा एक

बाबांनी माझा तक्ता चष्मा पुसून वाचला.
वीज, पाणी, कर्ज, पाच वर्षांची कंत्राटं,
रात्र जागून मांडलेलं सगळं.
गोदीच्या फाटकावर बत्तीस वर्षं
माणसांचे तास लिहिलेला हा माणूस;
त्यांचं बोट आकड्यांवरून चालतं
आणि चुकीपाशी आपोआप थांबतं.

"इथे चुकलीस, जीझा."
मी भांडायला सरसावून बसले.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
दशांशचिन्ह एक घर सरकवलं
आणि शेजारी दुरुस्ती लिहिली,
तिच्यात तो त्यांचा एक,
लांब तिरप्या शेंडीचा,
परक्या माणसाने सात म्हणावा असा.
"आमच्या लोकांनी याच्या दसपट खाल्लंय."

मग पावावर टोमॅटो चोळला, तेल सोडलं.
"मत मात्र लालला."

का, ते विचारलं नाही.
वीस वर्षं विचारून झालंय.
उत्तर भिंतीवर आहे:
आजोबांचा फोटो, शेजारी पक्षाच्या जुन्या पुढाऱ्याचा,
दोघांत मिळून विजेची एक पणती.
पाद्र्यांनी लालवाल्यांना
पवित्र मातीत जागा नाकारली त्या वर्षी
आजोबा भिंतीपलीकडे पुरले गेले.
बाबा बारा वर्षांचे.
तेव्हा खांदा द्यायला कोण आलं होतं
हे मी तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहू?

मी निळी.
विचार करून झाले, असं लोकांना सांगते.
कॉलेजात एका मुलाने मोर्च्यात
माझ्या गळ्यात निळा स्कार्फ टाकला होता.
मुलगा कॅनडाला गेला. स्कार्फ राहिला.
विचार नंतर जमवले,
चांगले, भक्कम, तळटिपांसकट.

नाश्शारच्या हॉलमध्ये मोजणी.
काचेपलीकडे मोजणारे, अलीकडे आम्ही,
लाल-निळे प्रतिनिधी, एकमेकांच्या घामात उभे.
पहाटे साडेतीनला एक मत वर आलं.
निळ्या नावासमोर एकच आकडा.
एक? की सात?
मी काच बडवली.
एक! मतदाराचा हेतू बघा,
घाईत हात वळतो माणसाचा.
झारेन श्वेरेब माझ्या कानाशी ओरडत होता:
सात! हेतू देवाला कळतो,
आपल्यापाशी फक्त नियम.
धरलं ते मत.

पाऊण तासाने दुसरं.
लाल नावासमोर एकच आकडा,
पुढे दोन नाही, तीन नाही,
दुसरं कुणी जगात उभंच नसल्यासारखा.
झारेन म्हणाला, हेतू बघा.
मी म्हणाले, आपल्यापाशी फक्त नियम.
जीभ जराही अडखळली नाही.
युक्तिवाद तोच होता,
कूस बदलून झोपलेला.
मी मूठ उगारली
आणि तेव्हा ती दिसली,
लांब, तिरपी शेंडी.

उगारलेली मूठ खाली कशी आली
ते आठवत नाही.
काचेचा आवाज झाला, एवढं खरं.
बाद.

दुसऱ्या दिवशी बोर्मलाच्या उतारावर
लाल झेंडे, भोंगे, बाटल्या.
ते जिंकले होते, भरपूर मतांनी;
एका मताने कुणाचं काही अडलं नाही.
हे मी जिना चढताना
दोनदा मनात म्हटलं.

बाबा स्वयंपाकघरात बसले होते.
"मतं नीट धरली ना सगळी?"
"एक-दोन बाद झाली."
"कुणाची?"
"नाव नसतं त्यावर, बाबा."
"हो, नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाव सरकवला,
वर केपरच्या कळ्या टाकल्या,
मोजून, सात.
"तू तपासलं असशील," म्हणाले,
"म्हणजे बरोबरच असणार."