भिंतीची जाडी

पुंता अरेनासला जूनमध्ये
नळ रात्रीतून गोठतात, फुटतात.
तीस वर्षं मी तेच करत आलोय :
कान लावायचा, कुठे कण्हतंय ते ऐकायचं,
गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं.
दानित्सा म्हणायची, माझ्यापेक्षा नळांशी जास्त बोलतोस.

तिच्या रक्तातला कॅन्सर आम्हाला ठाऊक होता.
एव्हाना तो घरचाच झालेला,
त्याचे वार ठरलेले,
त्याच्या गोळ्या पावाच्या डब्याशेजारी.
मग ऑगस्टात रुमालावर लाल आलं.
मला वाटलं, रुबार्बचा जॅम.
ती म्हणाली, जॅम कधीच संपलाय, एस्तेबान.

फोटो काढले. फुप्फुसात ढग.
नऊ दिवस आम्ही एका शब्दाला वळसा घालून चाललो,
जसं ओल्या फरशीला घालतो.
तिची बहीण तर खरोखरच फरशी पुसत राहिली.

दहाव्या दिवशी डॉक्टर ओयार्सून बाई
खुर्ची ओढून बसल्या.
एरवी उभ्या उभ्याच बोलतात,
माझ्या पोटात खड्डा पडला.
म्हणाल्या : पसरलेला नाही.
फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सुजल्यात.
शरीराचेच पहारेकरी
आपल्याच भिंती कुरतडतायत.
कॅन्सरनं चिथावलं असेल. नसेलही.

आणि आम्ही हसलो.
देवाशप्पथ, दोघंही हसलो,
लॉटरी लागल्यासारखे,
दुसरा आजार निघाला म्हणून.
बाई चष्मा पुसत राहिल्या.

मी विचारलं, भिंत केवढी जाड असते?
काही ठिकाणी एका पेशीएवढी, म्हणाल्या.
मिलिमीटरभर तांबं मला बोटांना कळतं.
हे नाही कळलं.
एवढ्याशा भिंतीच्या भरवशावर
ही बाई छत्तीस वर्षं माझ्याशी भांडली?

आता स्टेरॉइड. चेहरा फुगलाय, झोप उडालीय,
भूक अशी की आरशावर चिडते.
पहाटे तीनला ती स्वयंपाकघरात कणीक मळते,
बाहेर वारा छपराचे पत्रे उचकटत असतो.
मी अंथरुणात पडल्या पडल्या कान लावतो.
खोकला. एक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग ओट्यावर पीठ आपटल्याचा आवाज.

काल, डिसेंबर लागला तसा,
शेजाऱ्याच्या परसातून रुबार्ब आणला, मोळीभर.
ती म्हणाली, नको, डाग पडतात,
तू उगाच घाबरशील.
घाबरेन, म्हटलं.
तिनं सुरी शोधली
आणि देठ चिरायला घेतले, न धुताच.