हजेरीची वही

चौतीस वर्षं साक्री आगारात कंडक्टर होतो,
माणसं मोजायची खोड काही गेली नाही.
म्हणून पंचांनी वही माझ्या गळ्यात घातली:
तारीख, डोकी, अर्पण, शेरा.

दिवाळीआधीचा रविवार: एकशे बारा.
मग पिंपळनेरकडून ट्रक आले,
मुकादमांनी दिलेली उचल केव्हाच फिटली होती
पत्र्याला, लग्नाला, दवाखान्याला.
एकेचाळीस. सव्वीस.
डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अकरा,
पाळक धरून आणि मी धरून.

अकरा जणांपुढे शमुवेल चौरे
पाऊण तास बोलले हरवलेल्या मेंढरावर.
झिपरीबाई गावित मध्येच उठल्या.
आमच्यात उपदेशात कुणी उठत नाही.
म्हणाल्या, "मेंढरं गयात उसवर, बाबा,
अन् तू आठे काय करस?"

शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

दुपारी पंचांची सभा.
विषय: रंगकाम, नवा कर्णा, नाताळचा तारा
(जुना उंदरांनी कुरतडला).
पाळकांनी भलताच विषय काढला:
पंधरा दिवस मी फडावर, पंधरा दिवस इथे.
आणि ज्यांच्या घरी आजीसुद्धा उरली नाही
ती शाळेची पोरं चर्चमध्ये झोपू देत.

एलिया बहिरम त्यांच्या बाकावर बसले होते.
त्यांच्या म्हणजे त्यांच्याच. पितळी पट्टी आहे,
वडिलांचं नाव, साल, सप्रेम अर्पण.
"देवाचं घर आहे हे, वसतिगृह नाही."
झिपरीबाई दारातूनच, भाजी निवडत:
"देवनं घर शे ना? मंग त्याले इचार."

दोन बाकं समोरासमोर लावली
की मधे एक पोर बरोबर मावतं.
सतरा पोरं.
अर्पणाच्या थैलीत नागली आली,
कांदे आले, एकदा अख्खा भोपळा,
त्याची पावती कशी फाडायची ते मला कळेना.
चार पोरं डोंगऱ्यादेवाच्या घरची,
त्यांना प्रार्थनेला बसवायचं का, यावर वाद झाला.
चौरेबाई म्हणाल्या, "आधी पाढे."

तिसऱ्या रात्री नाथानेलनं, वय सहा,
नेमकं बहिरमांचं बाक ओलं केलं.
ओघळ पितळी पट्टीपर्यंत.
सकाळी बहिरम आले. वास आला त्यांना.
खिशातला रुमाल काढून
आधी वडिलांचं नाव पुसलं, मग बाक,
मग पोराचे पाय.
संध्याकाळी रेक्झिनचा तुकडा आणि घरची गोधडी.
"लाकूड फुगतं," एवढंच म्हणाले.
तेव्हापासून ते दाराशी झोपतात, बॅटरी उशाला,
कारण पोरं अंधारात बाहेर जायला भितात.

बार्डोलीकडून पाळकांचा फोन:
"पंच्याण्णव जण आहेत. उपदेश झाला नाही.
एकीला रात्री बाळंतपणाला नेलं, मुलगी आहे.
आज शास्त्रपाठाऐवजी
मुकादमाची वही मोठ्यानं वाचली,
त्यात आठ खाडे जास्त निघाले."

एसटीत एक नियम होता:
गाडी रिकामी असो, वेळ झाली की सोडायची.
थांब्यावरची माणसं आधीच
दुसऱ्या रस्त्यानं चालत गेलेली असायची,
आणि आम्ही घंटी मारत राहायचो.
चर्चमध्येही मी तेच करत होतो बहुधा,
वेळेवर, शिस्तीत, कितीतरी वर्षं.

सगळं गोड झालंय असं नाही.
दोघा पंचांनी येणं सोडलं.
शौचालय एकच आहे.
परवा एका पोरानं व्यासपीठामागे
कोळशानं ट्रक काढला, त्यात त्याची आई.
रंगकाम तूर्त पुढे ढकललंय.

आज वही उघडली.
डोकी: अकरा.
खाली लिहिलं, सतरा, झोपलेली.
त्याखाली, पंच्याण्णव, फडावर.
आणि ती एक दिवसाची मुलगी,
तिला अर्धं तिकीटसुद्धा लागत नाही.
बेरीज केली नाही.

शेरा: रेक्झिन अजून दोन मीटर लागेल.