वाटी म्हणजे किती

ताउनो हिएताला यांच्या वहीत:
सकाळी ओटची लापशी, दोन वाट्या.
सातही दिवस तेच, एकाच बोथट पेन्सिलीने.
गुरुवारी समासात एवढंच जास्त:
"मीठ विसरलो."

त्यांच्या गावच्या गिरणीतला ओट
मी प्रयोगशाळेत दळते, मद्यार्कात घोळवते, गाळते,
यंत्राच्या केसाएवढ्या नळीत सोडते.
पडद्यावर बराच वेळ सपाट रेघ,
मग एक शिखर, त्याला चिकटून दुसरं.
नावं अशी की बोबडी वळावी.
शेतात तांबेरा पडू लागला
की रोप हे घडवतं, घाईघाईने,
आपला जीव वाचवायला.
आम्ही त्याच्यापुढे लिहितो: हितकारक.

ग्रॅमला किती, ते मला ठाऊक आहे,
दशांशचिन्हापुढे तीन घरं.
वाटीला किती?

म्हणून जानेवारीत, उणे एकवीस,
काटा शेजारच्या सीटवर पट्ट्यात बांधून
सेइनायोकीच्या पुढे चाळीस किलोमीटर गेले.

वाटी बर्चच्या लाकडाची,
मुलाने शाळेत कोरलेली, एका अंगाला कललेली.
भरली. तोलली. चारशे दहा.
आमच्या तक्त्यातली वाटी दोनशे चाळिसाची.
दुसरी भरून ते सरळ दाराकडे निघाले,
पायात नुसते लोकरी मोजे.
पायरीवर शेजाऱ्यांची कुत्री,
एक डोळा दुधाळ, शेपटी बर्फ झाडते आहे.
"हिचं माझ्या नावावर लिहितो," ताउनो म्हणाले.
"हिला पेन्सिल धरता येत नाही."

मी हसले. मग आठवलं,
गेले तीन महिने या कुत्रीचा नाश्ता
मी सरासरीत धरते आहे.

आत येऊन ते उभ्याउभ्याच
पातेल्याची खरवड काढू लागले,
तपकिरी, कडेला जरा करपलेली.
"हे वहीत नाही," मी म्हटलं.
"हे काय जेवण आहे?
आई म्हणायची, खरवड भांडी घासणाऱ्याची."
मी काटा शून्यावर आणेपर्यंत
पातेलं लख्ख.

रात्री रकाने दुरुस्त केले.
दोनची एक. दोनशे चाळीसचे चारशे दहा.
खाली नवी ओळ: खरवड, अंदाजे.
"अंदाजे" खोडलं.
चमचा आठवला, त्याची झिजलेली कड,
आणि पुन्हा लिहिलं.

कुत्रीचं नाव विचारायचं राहिलं.