पाठकोरा

सोमवारी मशीनने पासबुक परत थुंकलं,
चौथ्यांदा.
बारकोड वाचता येत नाही, म्हणे.
तुर्भ्याच्या बाजारात एकतीस वर्षं मी
पहाटेच्या अंधारात गोणी खांद्यावर घेऊन सांगायचो
कांदा लासलगावचा की ओतूरचा, नुसत्या वासावर.
आणि ह्याला स्वतःचंच छापलेलं वाचता येईना.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका,
आता सगळं मेलवर येतं. पेपरलेस.
तिच्या मागे भिंतीवर पाटी, कृपया कागद वाचवा,
चार कागद जोडून केलेली.
मग तिने मला एक अर्ज दिला, दोन्ही बाजूंनी भरायचा,
सोबत तीन झेरॉक्स, दोन फोटो,
पेपरलेस होण्यासाठी.

कोपरखैरण्याच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
मेल आला रात्री सव्वाअकराला.
कुलूप लावलेला.
चावी म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं, पुढे जन्मतारीख,
प्रांजलने वाचून दाखवलं.
तेवढं तर येतं मला. बयाजी.
पण इंग्रजीत बीच्या पुढे ए आहे की नाही
ह्यावर आधार कार्डाचं आणि बँकेचं जमत नाही.
जन्मतारीख एक जून.
मेढ्याकडच्या शाळेत गुरुजींनी आमची अख्खी ओळ
एक जूनलाच जन्माला घातली होती.
आई म्हणायची, तू झालास तेव्हा नाचणी कापणीला आलेली.
नाचणीने फाइल उघडत नाही.

तीन वेळा चुकलं. चोवीस तास थांबा.
थांबलो. थांबायची आपल्याला सवय आहे,
टेम्पो लागेपर्यंत, बोर्डाचा पगार जमा होईपर्यंत.

बुधवारी उघडलं, ए काढल्यावर.
नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दहा पानं काढून दिली,
पानाला पाच रुपये.
गरम होती पानं. पोळीसारखी धरून आणली.

हौसाचे डोळे काचबिंदूने नेले त्याला दोन वर्षं झाली.
बिस्किटाच्या डब्यात तिची सात पासबुकं आहेत,
प्रत्येक ओळीच्या कडेला बारीक पेन्सिल:
गॅस. वंदीचं बाळंतपण. चष्मा (ह्यांचा).
भाऊजींना, परत येणार नाहीत.
आणि बँकेने स्वतःहून कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे
एकच अक्षर आणि एक चिन्ह:
का?

आधी शिल्लक वाच, ती म्हणाली.
वाचली.
आता वरून ये.
मी वाचत गेलो. बावीस आकडी नंबर, एक तिरपी रेघ,
पुन्हा नंबर, तीनशे चाळीस रुपये.
कोणाला दिले?
लिहिलं नाही.
कशाचे?
लिहिलं नाही.
मग त्यात लिहिलंय काय?

मलाही आठवेना. चौदा तारखेला तीनशे चाळीस.
फोन असा पुढे केला असेल, टुण्ण वाजलं असेल,
माणसाचं तोंड पाहिलं नसेल.
भाजीवाली चिंचवडीची असती आणि पैसे सुटे असते
तर हौसाने तिच्या सुनेचं नावसुद्धा लिहिलं असतं.

सहाव्या पानावर सतरा रुपये सत्तर पैसे.
हे वाचता आलं मला. मेसेज पाठवल्याचे,
ज्या मेसेजमध्ये कळवलं होतं
की मेसेज पाठवल्याचे सतरा रुपये सत्तर पैसे कापले आहेत.

हौसा हसली. खूप दिवसांनी, पोट धरून.
मग म्हणाली, पेन्सिल घे.
मी दुसरीत शाळा सोडली, माझं अक्षर गोणीवरच्या मार्क्यासारखं,
एक अक्षर अर्धी ओळ खातं.
म्हटलं, कडेला जागाच सोडलेली नाही त्यांनी.
तिने पान हातात घेतलं, उलटं केलं,
तळवा फिरवला त्यावरून, वरपासून खालपर्यंत.

पाठकोरा आहे की, म्हणाली.
लिही मोठ्ठं.