खाऊ नका

पेनिशच्या बंदरात बोटी रिकाम्या होत होत्या
आणि वर कचेरीत आम्ही आठजण
दोन शब्दांवर अडलो होतो.

सेतुबालच्या इस्पितळात एका बसचालकाच्या
पापण्या उचलेनात.
घरच्या कचऱ्यात आमचा डबा सापडला,
टोमॅटोतले सार्डिन, लॉट २२१४.

देओलिंदानं तशाच एका डब्याची कड कापून
भिंगाखाली धरली.
घडी जिथं घट्ट बसायची तिथं केसाएवढी फट.
"हजारात किती?" मालकांनी विचारलं.
"तीन. कदाचित चार."
"म्हणजे नऊशे शहाण्णव चांगले,"
लिस्बनहून वकील म्हणाले, फोनवर,
आणि मसुदा वाचून दाखवला:
'सदर उत्पादनाच्या काही मोजक्या नगांबाबत
ग्राहकांनी योग्य ती दक्षता घ्यावी, ही विनंती.'

वाक्य गुळगुळीत होतं.
कुठंच सांधा दिसत नव्हता.
मला तशी कड बसवता आली असती
तर ही वेळच आली नसती.

कारण यंत्र माझं.
रोलर झिजलाय हे मार्चमध्येच कानाला कळलं होतं,
टक् ऐवजी टच्.
नवा यायला अकरा दिवस, मोसम तोंडावर,
मी पत्र्याची चकती सारून भागवलं.
मालकांना अर्धं सांगितलं,
त्यांनी त्यातलं अर्धं ऐकलं.

देओलिंदानं मसुदा पालथा घातला.
पाठकोऱ्या बाजूवर, खोक्यांवर नंबर घालायच्या काळ्या शाईनं:
खाऊ नका.
"माझी आई अक्षर अक्षर लावत वाचते," ती म्हणाली.
"'दक्षता'पर्यंत पोचेतो
तिचं जेवण उरकलेलं असेल."

मालकांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.
"एकेचाळीस हजार डबे.
हिवाळ्यात पगार कुठून देऊ?"
कुणी काही बोललं नाही.
आठांतल्या सातांचा पगार तोच होता.

मग मी बोललो.
मार्चचं. चकतीचं. सगळं.
"हे कोण बोलतंय?" वकील ओरडले, "त्याला आधी गप्प करा!"
"यंत्रवाला आहे," मालक म्हणाले,
आणि फोन ठेवून दिला.

ट्रक परत येऊ लागले तेव्हा
वरचा पहिला डबा मी उचलला,
नखानं वाजवला, कानाशी धरला.
चांगला असावा.
नसावाही.
बाहेरून दोन्ही सारखेच वाजतात.