हजेरी

पाइनडेलच्या त्या दुकानामागे
खाटकाकडे असतो तसला वजनकाटा टांगलेला.
कोरीन एकेकाची पाठपिशवी त्याला अडकवते,
आकडा वाचते, आणि काही न बोलता
चेन उघडते.

माझ्यातून निघालं: दुसरा टॉवेल, तिसरा टॉवेल,
स्टीलचा पेला, आणि
हे काय?
अडकित्ता, बाई. सुपारी कातरायला.
तिनं तो उन्हात धरून वाजवला, कट्,
आणि बाजूच्या खोक्यात ठेवला.

जागा खरं तर लेकाची. पैसे भरलेले, परत न मिळणारे.
त्याला ऐनवेळी ऑफिसनं ओढून घेतलं
तेव्हा मी म्हटलं, मी जाते.
वाटलं नव्हतं कुणी हो म्हणेल.

वास येणारं सगळं या डब्यात. अस्वलं आहेत.
टूथपेस्ट गेली, गोळ्या गेल्या,
लसणाची चटणी दुहेरी पिशवीत, आरोपीसारखी.
रात्री डबा तंबूपासून शंभर पावलं दूर.
मी स्वतःचा हात हुंगला:
हिंग, अमृतांजन, अठ्ठावन्न वर्षं.
हे कुठल्या डब्यात?

पहिला दिवस पाठीचा. दुसरा गुडघ्यांचा.
तिसरा कुणाचाच नाही, पाय आपले आपण चालत होते
विंड रिव्हरच्या त्या करड्या कातळावरून.
कोरीन पुढे, पोटऱ्यांवर डासांचं गोंदण.
दर तासाला थांबून म्हणायची, पाणी प्या,
तहान नसली तरी.
इतक्यांदा मला पाणी कुणी विचारलं नव्हतं,
लग्नातसुद्धा.

खिंड दिसत होती. अगदी तिथे, दोनशे हात.
कोरीननं मान वर केली, ढगाचा रंग पाहिला,
म्हणाली, खाली.
अर्लन, ओहायोचा दंतवैद्य, घड्याळ दाखवू लागला,
पैशांचं बोलला, गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचं बोलला.
ती ऐकत होती आणि उतरत होती
एकाच वेळी.

वीज आमच्याआधी पोचली.

बुटक्या झाडांत तिनं आम्हाला पांगवलं,
पन्नास पन्नास पावलांवर एकेक.
काठ्या लांब फेका. चटई पायाखाली,
उकिडवं, टाचा जुळवून, डोकं खाली.
इतकं लांब का? टोबायसनं विचारलं.
एकोणीस वर्षांचा, आवाज मात्र नऊचा.
म्हणजे एका विजेत सगळे जाणार नाहीत.
कुणीतरी उरलं पाहिजे,
दुसऱ्याच्या छातीवर दाब द्यायला.

ते वाक्य मी गारांत बसून उलटसुलट पाहिलं.
आमच्या बँकेत दरोडा पडला तेव्हा
आम्ही सातजणी एका टेबलाखाली,
कुणाचा पदर कुणाच्या मुठीत, कळत नव्हतं.
इथे मापून पन्नास पावलं.

दर दोन मिनिटांनी कोरीन नावं पुकारायची.
अर्लन! येस.
टोबायस! हिअर.
कूमू-डीनी!
आणि माझ्या तोंडून, मिरजेच्या शाळेतल्या
तिसऱ्या बाकावरून,
हजर.

शब्द तिला कळला नसेल. आवाज मोजला तिनं.

चौथ्या की पाचव्या फेरीला
अर्लनचं उत्तर आलं नाही.
अर्लन!
गारांचा आवाज.
कोरीन उठायला लागली,
इतक्यात झाडामागून रागावलेला, रडवेला,
हो, आहे. आहे ना.

खिंड आम्ही पाहिली नाही.
पलीकडे एक तळं आहे म्हणतात, निळं.
असेल.

सहाव्या दिवशी पाइनडेलला सामान परत केलं.
पावती: एक चमचा हरवला, चार डॉलर.
अडकित्ता कागदात गुंडाळलेला, वर माझं नाव,
स्पेलिंग चुकलेलं.

लेकाचा फोन. कसं होतं वर?
वर गेलोच नाही, मी म्हटलं.
मग कुठून सांगावं ते सुचेना,
आणि लाइनवर नुसती खरखर.
आई?
आई, आहेस ना तिथे?

मी अडकित्ता एकदा वाजवला.