वेगाचे नियम

वूच म्हणजे होडी.
आमच्या शहराचं नाव होडी, आणि नदी
गिरण्यांखाली नळात कोंडलेली.
अशा ठिकाणी माणूस जहाजं नाही लिहिणार
तर काय लिहिणार?

बाबा दिवसपाळीला माग दुरुस्त करत.
रात्री स्वयंपाकघरात, मेणकापडावर
टाइपरायटर ठेवून तारे ओलांडत.
अकरा कादंबऱ्या. छापल्या गेल्या चार.
पासपोर्ट एकदाही मिळाला नाही.

काल खण रिकामा करताना वही सापडली,
पुठ्ठ्यावर त्यांचं अक्षर:
वेगाचे नियम. बोग्ना, हात लावू नकोस.
लावला. आता रागवायला कोण आहे!

पहिल्या पानावर घडी.
अवकाश म्हणजे कापडाचा तागा, असं लिहिलंय,
दोन टोकं जुळवा, मधून सुई घाला,
चारशे वर्षांची वाट एका टाक्यात.
समासात पेन्सिलीनं:
पण टाका उसवला की भोक उरतं. त्याचं काय?
हा प्रश्न गिरणीतल्या माणसालाच पडणार.

पुढे एक जहाज, जे जागचं हलतच नाही,
त्याच्यापुढचं आकाश आखडतं, मागचं सैलावतं.
हे वाचून आई म्हणाली होती,
"म्हणजे घाम आकाशानं गाळायचा
आणि नाव कप्तानाचं."
तेही लिहून ठेवलंय, तारखेसकट.

एका कादंबरीत पलीकडचं अवकाश होतं,
तिथून जाताना खिडकीबाहेर बघायचं नाही,
बघणाऱ्याचे केस पांढरे व्हायचे.
मी लहानपणी आंघोळीच्या टबात
डोळे मिटून ते ओलांडलंय, कितीतरी वेळा.
श्चेचिनच्या एका शाळकरी मुलानं कळवलं,
पान नव्वदवर गुणाकार चुकलाय.
बाबांनी गुणाकार पुन्हा केला, आणि त्याला
माफीचं पत्र धाडलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

मग दारं.
एका दारात शिरा, दुसऱ्यातून निघा, मध्ये काही नाही.
फक्त एक अट, लाल शाईनं:
दुसरं दार तिकडे नेऊन ठेवायला
कुणीतरी आधी साध्या वेगानं गेलं पाहिजे.
हिएरोनिम काका गेले होते, बोटीनं, शिकागोला.
त्यांची पत्रं सहा आठवड्यांनी येत,
फोडून पुन्हा चिकटवलेली, डिंक अजून ओला.
बाबांच्या दारावर एक पहारेकरी होता.
संपादक म्हणाले, भविष्यात पहारेकरी कशाला?
बाबांनी पहारेकरी खोडला.
दार मात्र त्यानंतर कधी नीट उघडलं नाही,
कादंबरी तिथेच बसली.

अकरावा नियम शेवटच्या पानावर.
निघण्याआधी पोचता येतं.
त्याखाली आकडेमोड, तीन पानं, बारीक, नेटकी,
माझ्या डोक्याबाहेरची.
आणि त्यावर आडवी रेघ, कागद फाटेल इतकी.

फेब्रुवारी होता. आई इस्पितळात.
बर्फानं ट्राम अडली, बाबा रुळांच्या कडेनं चालत निघाले,
पोचले तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता.
नर्सनं चादर बदललीही होती.
रेघेखाली लिहिलंय:
हे खरं असतं तर मी तेव्हा आलो असतो.
आलो नाही.
म्हणून नियम चूक.

इतका सरळ पुरावा
मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

वहीच्या मागच्या खिशात कापडाची पट्टी आहे,
गिरणीचीच, करड्या सुताची, घडी घातलेली,
तिच्यात गंजलेली सुई अडकून बसलीय.
एका टोकाला शाईचा ठिपका, वूच.
दुसऱ्या टोकाला नुसताच ठिपका.

सुई मी ओढून पाहिली, थोडीशीच.
मग तशीच राहू दिली,
आणि पट्टी कोटाच्या खिशात घालून
ट्राम गाठायला निघाले.
ती उशिरा आली.